आकडे कोणते घ्यायचे?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पुस्तकं वाटून होतात, हजेरीपट लागतो, पहिली घटक चाचणी तोंडावर येते, आणि तेवढ्यात बी.एड. कॉलेजचं पत्र घेऊन छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर येऊन थांबतात. आमची शाळा दक्षिण नागपुरातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. त्यांच्यातले गणिताचे जे कोणी असतील ते माझ्याकडे येतात. मार्गदर्शक शिक्षक म्हणून हे काम करता करता बरीच वर्षं झाली आणि सहावी ते आठवीचं गणित शिकवायला नवा माणूस कसा तयार होतो, याबद्दल माझं एक ठाम मत बनलं आहे. या इयत्तांत शिक्षकाची निम्मी तयारी उदाहरणातले आकडे निवडण्यात असते. आवाज, फळ्यावरचं अक्षर, वर्गावरचा ताबा, हे सगळं सरावानं जमत जातं. आकडे मात्र आदल्या दिवशी बसून, विचार करून निवडावे लागतात, आणि त्यासाठी पाठाच्या टाचणात रकाना नसतो.

आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीनंतर ते दोन वर्षांचं झालं आणि शाळेत घालवायचा काळ किमान २० आठवड्यांचा झाला. हा बदल चांगलाच झाला. पूर्वी छात्राध्यापक यायचे, ठरलेले पाठ घ्यायचे, वहीवर सही घेऊन जायचे. मुलांची नावंसुद्धा पाठ व्हायची नाहीत. आता ते पोळ्याच्या आधी येतात आणि दिवाळी उलटली तरी असतात. म्हणजे एखादा घटक शिकवल्यावर महिन्याभरानं मुलांच्या डोक्यात त्यातलं काय उरलं, हे त्यांना स्वतः बघायला मिळतं.

येणारे बहुतेक बी.एस्सी.ला गणित घेतलेले असतात, एखादी एम.एस्सी.ही असते. कोणी कामठीहून आटोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत येतं आणि पुढे मेट्रो पकडतं, कोणी हिंगण्याहून, कोणी उमरेडहून एसटीनं. बहुतेकांच्या सकाळ-संध्याकाळ शिकवण्या चालू असतात. ग्रुप थिअरी, डिफरन्शियल इक्वेशन्स सगळं झालेलं असतं. त्यांना गणित येतं याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. पण सातवीचं पुस्तक त्यांनी सातवीत असतानाच शेवटचं उघडलेलं असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी त्यांना वर्गात उभं करत नाही. बालभारतीची सहावी, सातवी, आठवीची गणिताची पुस्तकं हातात देते आणि सांगते, प्रत्येक सरावसंच पेनानं सोडवा आणि प्रत्येक उदाहरणाखाली एक ओळ लिहा: इथे मुलं चुकीचं उत्तर कोणतं देतील?

"मॅडम, एवढं सोपं आहे, यात चुकायचं काय?" हे वाक्य दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतंच. शिवाय त्यांचा जीव टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, अडकलेला असतो. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर लागतो, १५० गुणांचा, त्यात गणित-विज्ञानाला ६० गुण. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. दीडशे प्रश्न दीडशे मिनिटांत सोडवायचे असतात. नोकरीच लागली नाही तर चांगली शिक्षिका होऊन काय करू, असं एकीनं मला तोंडावर विचारलं होतं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मिनिटाला एक उत्तर काढायची सवय आणि मुलाचं उत्तर कोणत्या वाटेनं चुकलं ते शोधायची सवय, या दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेला ओढतात. दुसरी सवय लागायला वेळ लागतो, आणि ती लागेपर्यंत थांबायची माझी तयारी असते.

कॉलेजातून ते सूक्ष्म अध्यापन करून आलेले असतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ मध्ये ही पद्धत निघाली आणि आपल्या बी.एड.मध्ये चांगली रुजली. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटं फेरनियोजन, पुन्हा पाठ, पुन्हा प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं चक्र. प्रश्न कौशल्य, फलकलेखन कौशल्य, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत राहण्याचं) कौशल्य, एकेक सुटं काढून घोटून घेतात. त्याचा फायदा वर्गात दिसतो. पहिल्याच पाठाला ही मुलं-मुली फळ्याकडे तोंड करून बोलत नाहीत. पण त्या सहा मिनिटांत विद्यार्थी म्हणून समोर बसलेले असतात त्यांचेच वर्गमित्र, तेही बी.एस्सी. झालेले. मुद्दाम चुकायचं ठरवलं तरी ते बारा वर्षांच्या मुलासारखे चुकू शकत नाहीत. आपलं उदाहरण कुठे फसतंय, हे तिथे कळायला मार्गच नसतो. ते कळतं शाळेत आल्यावर.

मागच्या वर्षी कामठीहून येणारी एक छात्राध्यापिका होती. हुशार मुलगी, आवाज खणखणीत, टाचण दोन रंगांत लिहिलेलं. सातवीला 'परिमिती व क्षेत्रफळ' हा घटक. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले होते. तिनं फळ्यावर पट्टीनं आयत काढला, लांबी ६ सेमी, रुंदी ३ सेमी. परिमिती काढली, २ × (६ + ३) = १८. मग क्षेत्रफळ, ६ × ३ = १८. वर्गात जराशी चुळबुळ झाली. तिनं पुढचं उदाहरण घेतलं, चौरस, बाजू ४ सेमी. परिमिती १६, क्षेत्रफळ १६. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, दोन्ही सारखंच येऊन राहिलं, मंग दोनदा काहून काढायचं?"

ती म्हणाली, एकक वेगळं आहे बाळा, एक सेमी आहे, दुसरं चौरस सेमी. उत्तर बरोबर होतं. मुलगा खाली बसला, पण पटलेलं नव्हतं, कारण फळ्यावर १८ आणि १८, १६ आणि १६ असं ठळक लिहिलेलं होतं. फळ्यावर दिसतं त्यावर मुलं विश्वास ठेवतात. ठेवावाच त्यांनी.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी तिला एवढंच विचारलं, की ज्यांची परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा आकडा सारखा येतो असे आयत किती, बाजू पूर्ण संख्येत घेतल्या तर? तिनं टाचणाच्या पाठीमागे लिहायला सुरुवात केली. लांबी-रुंदीचा गुणाकार बरोबर त्यांच्या बेरजेची दुप्पट. थोडी मांडामांड केल्यावर: लांबीतून २ वजा, रुंदीतून २ वजा, त्यांचा गुणाकार ४. म्हणजे ४ × १ किंवा २ × २. म्हणजे ६ बाय ३ आणि ४ बाय ४. सगळ्या जगात असे दोनच आयत, आणि तिनं नेमके तेच दोन उचलले होते. ती कागदाकडे बघतच राहिली.

याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. घाईत टाचण लिहिताना माणूस सहज सुचणारे, तोंडी सुटणारे, लहान आकडे घेतो, आणि लहान आकड्यांतच अशी सारखेपणाची गर्दी असते. मला त्यात जास्त आवडलं ते हे, की हा शोध तिला तिच्याच गणितानं लावता आला. पदवीचं गणित सातवीला कशाला लागतं, असं विचारणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. दुसऱ्या दिवशी तिनं सुतळीची २४ सेमी लांबीची वेटोळी केली आणि गटागटाला देऊन वेगवेगळे आयत करायला लावले. ११ बाय १, १० बाय २, ८ बाय ४, ६ बाय ६. परिमिती सगळीकडे २४, क्षेत्रफळ ११, २०, ३२, ३६. सुतळी तीच, जागा वेगळी. कालचा तो मुलगा या वेळी सगळ्यात पुढे होता.

त्यानंतर आमचं बोलणं आकड्यांवर सुरू झालं ते थांबलंच नाही. घातांक शिकवताना पहिलं उदाहरण २ चा वर्ग घ्यायचं नाही, कारण २ चा वर्ग ४, २ गुणिले २ चार, २ अधिक २ सुद्धा चारच. मूल घातांकाला पायानं गुणत असेल तरी उत्तर बरोबर येतं आणि तुम्ही शाबासकी देता. ५ चा वर्ग घ्या, १० म्हणणारं मूल लगेच सापडतं. शेकडा नफ्याला खरेदी १०० रुपये घ्यायची नाही. १०० वर २० नफा म्हणजे २० टक्के, मग मुलाच्या लेखी नफा आणि शेकडा नफा एकच. २५० ला घेतलं, ३०० ला विकलं, असं द्या. ५० टक्के म्हणणारे हात वर येतील आणि तिथून शिकवायला सुरुवात करता येईल. दशांश अपूर्णांकांचा लहानमोठेपणा ०.३ आणि ०.५ वर शिकवला तर शिकवलं काहीच नाही. ०.३५ आणि ०.४ विचारा. ३५ मोठे की ४, असाच विचार मुलं करतात. यात रुपये-पैशांची मदत घ्यायचा मोह होतो, पण पैसे नेहमी दोन घरांत लिहिले जात असल्यामुळे अडचण झाकली जाते. मीटरपट्टीवर ०.४ मीटर आणि ०.३५ मीटर दाखवलेलं बरं. समीकरणाचं तेच. क्ष + ५ = १२ याचं उत्तर अख्खा वर्ग ओरडून सांगतो, मग दोन्ही बाजूंतून ५ वजा करण्याचा खटाटोप कशासाठी, असं मुलांना वाटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? क्ष + १८७ = ४१२ दिलं की रीतीची गरज पडते.

आता ऋण संख्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नव्या शिक्षकाचा कस तिथेच लागतो. सहावीत पूर्णांक संख्या येतात, सातवीत त्यांचा गुणाकार-भागाकार. सहावीपर्यंत तापमापीच्या उदाहरणावर निभावतं, जरी मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या आमच्या मुलांनी शून्याखालचं तापमान फक्त बातम्यांत ऐकलेलं असतं. त्यांना उधारी जास्त जवळची. किराणा दुकानाच्या वहीवर बापाच्या नावानं लिहिलेली रक्कम प्रत्येकानं पाहिलेली असते. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये या संख्यांचे नियम सांगितले तेही धन आणि ऋण म्हणूनच, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन, हेही त्यानं स्पष्ट सांगितलं. बेरीज-वजाबाकीला उधारी छान चालते. गुणाकाराला मात्र गाडी अडते. उधारीला उधारीनं गुणायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हिंगण्याच्या छात्राध्यापकानं यावर आपल्या मनानं एक तोड काढली. दुकानदारानं ५० रुपयांची उधारी तीन वेळा माफ केली, तर (−३) × (−५०). माफ करणं म्हणजे काढून टाकणं, म्हणून ऋण तीन. उत्तर १५०. मला ही कल्पना आवडली. पण वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मंग माह्याजवळ दीडशे रुपये आले कुठून? खिसा तर रिकामाच आहे." तो गडबडला नाही. त्यानं फळ्यावर एक आडवी संख्यारेषा काढली, −१५० वर खूण केली, "आधी तू इथे होतीस", मग शून्यावर खूण केली, "आता इथे आलीस. किती सरकलीस आणि कोणत्या बाजूला?" ती म्हणाली, दीडशे, उजवीकडे. मी वहीत त्या प्रश्नाची आणि त्या उत्तराची, दोन्हीची नोंद केली. असा प्रश्न वर्गात येणं, हे शिक्षकानं आधी काहीतरी बरं केल्याचं लक्षण असतं.

तरीही मी त्याला दुसरा मार्गही तयार ठेवायला लावला, पायऱ्यांचा. ३ × (−७) = −२१, २ × (−७) = −१४, १ × (−७) = −७, ० × (−७) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर ७ नं वाढतंय. आता पुढची पायरी (−१) × (−७), तिचं उत्तर मुलं आपसूक ७ सांगतात, मग १४, मग २१. त्यानं टाचणात आधी −७ च्या जागी −२ घेतला होता. −२ घेतला की (−२) × (−२) = ४ आणि (−२) + (−२) = −४, आकडा दोन्हीकडे तोच, असा घोळ लगेच शेजारी येऊन बसतो. ७ च्या पाढ्याला असा कोणी शेजारी नाही.

आणि एवढं करूनही पुढच्या आठवड्यात जे व्हायचं तेच होतं. (−३) + (−५) याचं उत्तर निम्मा वर्ग +८ लिहितो. महिनाभरापूर्वी हीच मुलं −८ लिहीत होती. 'ऋण-ऋण धन' हे तोंडात बसलं, आणि ते गुणाकारापुरतं आहे हे निसटलं. नवा शिक्षक इथे खचतो. आपण शिकवल्यामुळे मुलांचं आधीचंही बिघडलं, असं त्याला वाटतं. मी त्याला सांगते की हे असंच होतं, नवीन नियम आला की तो जुन्याच्या जागेवर पसरतो, आणि त्याला त्याच्या हद्दीत बसवायला वेगळी तासिका राखून ठेवावी लागते. त्या तासिकेला दोनच संख्या घ्यायच्या, −३ आणि −५, आणि क्रियेचं चिन्ह बदलत जायचं. बेरीज केली तर −८, गुणाकार केला तर १५, पहिलीतून दुसरी वजा केली तर २. संख्या हलत नाहीत म्हणून मुलांची नजर क्रियेवर जाते.

वर्गविस्ताराला हेच सूत्र उलट बाजूनं लागू पडतं. (ए + बी) चा वर्ग म्हणजे ए चा वर्ग अधिक बी चा वर्ग, हे सातवीतून निघून दहावीपर्यंत, आणि माझ्या अनुभवात त्याच्याही पुढे, टिकून राहणारं दुखणं आहे. पुठ्ठ्याचे तुकडे करून दाखवायचं सगळ्यांना सुचतं. पण ए आणि बी दोन्ही २ घेतले तर चार तुकडे एकसारखे होतात आणि मधला २ एबी कुठला, हे कळेनासं होतं. १० आणि ३ घ्या. १३ चा चौरस कापला की १०० चा मोठा तुकडा, ९ चा चिमुकला, आणि ३०-३० च्या दोन लांबट पट्ट्या. मुलं लिहितात १०९, आणि १३ चा वर्ग १६९ हे त्यांना पाठ असतं. ६० कुठे गेले, असं विचारलं की पट्ट्या त्यांच्या हातातच असतात.

भूमितीत आकड्यांऐवजी आकृतीची ठेवण निवडावी लागते. फळ्यावर त्रिकोण काढायचा तो पाया आडवा ठेवूनच, हा हाताला लागलेला सराव असतो. मग आठवीत विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब बाहेर पडला की मुलं म्हणतात, आकृती चुकली. एकीनं चौरस तिरपा काढला तेव्हा सहावीतला मुलगा म्हणाला, "हा चौरस नाही मॅडम, शंकरपाळं आहे हे." तिनं त्यालाच पुढे बोलावून कोनमापक आणि पट्टी दिली. यापेक्षा जास्त काही सांगायची गरज पडली नाही.

यात अडचणी खूप आहेत. तासिका ३५ मिनिटांची, वर्गात साठ मुलं. पोळा आणि मारबतीच्या आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा. कॉलेजला ठरलेल्या नमुन्यात टाचण हवं असतं: उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. गुण त्यावर मिळतात, म्हणून छात्राध्यापकाची रात्र रकाने भरण्यात जाते. रकाने वाईट नाहीत, पण 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यात 'विद्यार्थी अचूक उत्तर देतात' असं आधीच लिहून टाकलेलं बघितलं की मला वाईट वाटतं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं, की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याच्या पद्धतीचं ज्ञान यांच्याखेरीज शिक्षकाचं म्हणून एक तिसरं ज्ञान असतं: हा विषय मुलांना कुठे अवघड जातो, आणि कोणत्या उदाहरणानं तो सोपा होतो. आपल्याकडे बी.एड.ला आशययुक्त अध्यापन म्हणून जे शिकवतात त्यात या विचाराला हक्काची जागा आहे. मी माझ्यापुरतं एवढंच केलं आहे, की टाचणाच्या समासात शिसपेन्सिलीनं दोन ओळी लिहायला लावते: हेच आकडे का घेतले, आणि यावर अपेक्षित चुकीचं उत्तर कोणतं. निरीक्षणाला येणाऱ्या एका प्राध्यापकांनी त्या समासाकडे बघून भुवया उंचावल्या, मग शांतपणे सगळं वाचलं आणि पाठ संपल्यावर छात्राध्यापिकेला त्या दोन ओळींवरच प्रश्न विचारले.

यंदाच्या तुकडीचं सध्या आठवीत 'सूट व कमिशन' चालू आहे. सीताबर्डीच्या दुकानांतल्या पाट्या मुलांनी स्वतःच लिहून आणल्या. एका छात्राध्यापकानं पहिलं उदाहरण १००० रुपयांचं घेतलं, आधी २० टक्के सूट, मग उरलेल्यावर १० टक्के. ७२० आले आणि सूट ३० टक्के म्हणणारी मुलं थबकली. इथे १००० घेतले ते बरोबरच, कारण मधले ८०० सगळ्यांना दिसायला हवे होते. पुढच्या पाठात त्याला किंमत २५ टक्क्यांनी उतरवून पुन्हा २५ टक्क्यांनी चढवायची आहे. ६४० घेतले तर ४८० होऊन ६०० वर येतात, पूर्णांकातच सगळं बसतं. १००० च ठेवले तर ७५० वरून ९३७ रुपये ५० पैसे. त्याचं म्हणणं, पैसे आले तर मुलं आकडेमोडीत अडकतील. मला वाटतं, अर्ध्या वर्गाला या टप्प्यावर तेवढी आकडेमोड यायला हवी. सोमवारी आठवी ब वर त्याची तिसरी तासिका आहे, तोवर कोणते आकडे घ्यायचे ते त्यानं ठरवायचं आहे.